काकांच्या व्हॅनचं तेल

काकांच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर काकांखेरीज कुणी बसायचं नाही, हा नियम त्या व्हॅनइतकाच जुना आहे. मी शाळेत असताना एक पाहुणे गंमत म्हणून तिथे जाऊन बसले आणि पाय पुरेनात म्हणून त्यांनी सीट दोन बोटं पुढे ओढली. ती जागच्या जागी आणायला काकांना तीन दिवस लागले. एक खाच मागे, एक खाच पुढे, बसून बघ, उतरून बघ. चौथ्या दिवशी सीटशी त्यांचं जमलं, पाहुण्यांशी मात्र पुन्हा कधी जमलं नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठावन्न, उंची बेताची आणि बोलणं उंचीहून बेताचं. एकवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या बारा बायकांना सकाळी घराघरांतून उचलायचं, कारखान्याच्या दारात सोडायचं आणि संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने करायचं. पहिला थांबा सकाळी सहा दहाचा. त्यावरून बायकांनी त्यांचं नाव 'सहा-दहा' ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. समोर सगळ्या काकाच म्हणायच्या. काकांना हे माहीत होतं आणि त्याची त्यांना थोडी मिजासही होती. एकदा सहा तेरा झाले, तर त्या दिवशी ते जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

काकू त्या व्हॅनला सासू म्हणायची. सकाळी उठल्याउठल्या आधी तिची विचारपूस, तिला काय हवं-नको ते बघायचं, मग घरातल्यांनी तोंडं धुवायची. खरी सासू त्या मानाने सोपी होती, असं काकूचं मत होतं.

तर दोन महिन्यांपूर्वी काका म्हणाले की स्टीअरिंग जड लागतंय.

पॉवर स्टीअरिंग काय असतं ते मला काकांनीच कधीतरी समजावलं होतं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो आणि ते दाबलेलं तेल चाकं वळवतं. माणसाने फक्त कुठे जायचं तेवढं सांगायचं, जोर तेल लावतं. तेल कमी झालं, जळलं, त्यात घाण बसली की मदत आटते आणि सगळा भार माणसाच्या हातावर येतो. म्हणजे स्टीअरिंग जड झालं तर दोष कुठे शोधायचा हे ठरलेलंच होतं. काकांनी आधी टायरमधली हवा बघितली. मग पट्टा बदलला. मग एका भंगारात निघालेल्या व्हॅनचा पंप काढून आणून बसवला. स्टीअरिंग जडच राहिलं.

मधल्या काळात मिस्त्रीला गाडी चार वेळा दाखवून झाली. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मिस्त्री काकांच्याच वयाचा आहे आणि गाडीच्या आवाजावरून तिचा आजार सांगतो. चारही वेळा त्याने सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही. पण सीटवर बसायची परवानगी त्यालाही नव्हती. त्याने बिचाऱ्याने बाहेर उभं राहून, खिडकीतून एक हात आत घालून स्टीअरिंग हलवून बघितलेलं. काका घरी येऊन म्हणाले, खिडकीतून नाडी बघणाऱ्याला काय कळणार. आम्ही सगळे हसलो. त्याला खिडकीबाहेर कुणी उभं केलं होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

काकूला मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं. काकांचा चहाचा कप ती आता अर्धाच भरायची. पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेवायची. शर्टाची बटणं लावायला त्यांना पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून तिने घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं आणि ते त्यांना सांगितलं नाही. हात दाखवून येऊ, असं तिने दोन-तीनदा सुचवून बघितलं. काकांचं उत्तर तयार होतं. इतकं जड स्टीअरिंग दोन-दोन तास ओढलं तर कुणाचेही हात जातील. गाडी नीट झाली की हातही होतील. बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. वकील झाले असते तर दोन-चार खटले सहज जिंकले असते.

मग तो गुरुवार आला. पाण्याच्या टाकीजवळचं वळण रोजचं, काका झोपेतही घेतील असं. त्या सकाळी व्हॅन वळलीच नाही, सरळ गेली आणि पुढचं चाक फूटपाथवर चढवून थांबली. आतल्या बारा बायका एकमेकींच्या अंगावर. त्यांच्यातली एक, जिला सगळ्या झोपाळू म्हणतात आणि जी चढल्यापासून कारखाना येईपर्यंत डोळे उघडत नाही, ती एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाटेत जागी झाली आणि कारखाना आला समजून उतरायला निघाली. त्यावर सगळ्या हसल्या. फक्त मॉनिटर हसली नाही. मॉनिटर म्हणजे रोज डोकी मोजणारी त्यांच्यातली वयाने मोठी बाई. तिचं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटलं होतं आणि त्यावर टेंगूळ आलं होतं.

स्टीअरिंग जाम झालं, काकांनी सगळ्यांना सांगितलं. त्यांनी ते मानलं. एकवीस वर्षं वेळेवर येणाऱ्या माणसावर कोण कशाला अविश्वास दाखवील. शुक्रवारी, शनिवारी काकांनी व्हॅन इतकी हळू चालवली की मागच्या सायकलवाल्यांनी घंट्या वाजवल्या. रविवारी सगळं तेल काढून, आतली नळी न् नळी धुऊन नवीन भरतो, सोमवारी गाडी लोण्यासारखी वळेल, असा त्यांनी बायकांना शब्द दिला.

आणि रविवारी सकाळी मला फोन आला. काका फोनवर कधी कारण सांगत नाहीत. ये, म्हणाले. मी गेलो.

घराच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात व्हॅन उभी होती. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड लावलेले. बाजूला जुन्या चादरीवर पक्कड, नरसाळं, रिकाम्या बाटल्या, फडकी आणि लाल तेलाच्या तीन नव्या बाटल्या अशा मांडलेल्या, जणू ऑपरेशनच आहे. काकांनी आदल्या आठवड्यात हे काम एकट्याने करून बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. स्टीअरिंग फिरवायचं, मग धावत पुढे यायचं, तेल घालायचं, पुन्हा धावत जायचं. एका फेरीत तेलाची डबी कोरडी पडली, पंपाने हवा ओढली आणि मग दोन दिवस व्हॅन वळताना अशी रडली की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायला लागली. काम अर्ध्यावर सोडावं लागलं. म्हणून या वेळी दुसरा माणूस.

काम सोपं आहे. बॉनेटखाली तेलाची एक लहान डबी असते. वापरलेलं तेल ज्या नळीने तिच्यात परत येतं, ती नळी काढून रिकाम्या बाटलीत सोडायची आणि ती नळी डबीला जिथे बसते ते छिद्र बंद करायचं. इंजिन बंद. एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं, म्हणजे जुनं तेल नळीतून बाहेर पडतं. दुसऱ्याने डबीत नवीन तेल ओतत राहायचं आणि डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. नळीतून नव्यासारखं लाल तेल यायला लागलं की झालं.

आधी काका सीटवर बसले आणि मी तेल ओतायला उभा राहिलो. नळीतून पहिल्यांदा जे आलं ते तेल वाटत नव्हतं, करपलेल्या काढ्यासारखं काहीतरी होतं. काका खिडकीतून डोकं काढून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. बघितलंस, म्हणाले, हे होतं आत. मिस्त्री म्हणतो काही नाही.

चार फेऱ्या झाल्या आणि स्टीअरिंग थांबलं. मी वर बघितलं तर काका म्हणाले की मला तेल ओतता येत नाही, मी कुंडीला पाणी घातल्यासारखं ओततो, फेस होतोय. फेस होत नव्हता. पण मला लहानपणापासून काकांकडून अशी प्रमाणपत्रं मिळत आलीत, त्यामुळे मी मुकाट बाटली खाली ठेवली. ते खाली उतरले. उजवा हात डाव्या हाताने धरून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बस वर. सीटला हात लावू नकोस."

मी बसलो. गुडघे छातीशी आले, पण सीटला हात लावला नाही. चाकं हवेत असल्यामुळे स्टीअरिंग सहज फिरत होतं. मी फिरवत राहिलो, काका ओतत राहिले. दोन्ही हातांनी बाटली धरून, नरसाळ्याच्या कडेला टेकवून, श्वास रोखून. बाटलीचं तोंड नरसाळ्यावर सारखं टकटक वाजत होतं. त्या आवाजाकडे लक्ष जाऊ नये म्हणून की काय, ते मला मध्येच तेलाचे रंग सांगत होते. आता तपकिरी. आता विटेसारखं. आता बरं. दुसरी बाटली अर्धी होईपर्यंत नळीतून लाल, नितळ तेल यायला लागलं. काका म्हणाले, आता बघच तू.

नळी जोडली. डबी भरली. चाकं खाली टेकवली, इंजिन सुरू केलं. काका सीटवर बसले. बसण्याआधी त्यांनी पायजम्याला हात पुसले, कितीतरी वेळ पुसले.

मी बाजूला उभा होतो. त्यांनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडे ओढलं. कोपरं थरथरली. खांदा पुढे आला, मानेची शीर उभी राहिली, दात एकमेकांवर बसले. चाक चार बोटं वळलं आणि थांबलं. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा ओढलं. आणखी दोन बोटं. मग उजवीकडे प्रयत्न केला, तिथे तेवढंही नाही. इंजिन आपलं मजेत चालू होतं. पंपाचा आवाज स्वच्छ होता, त्यात रडण्याचा मागमूस नव्हता.

काका उतरले. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता आणि त्यावर मला ओळखीची नसलेली एक विनवणी होती. "एकदा तू बघ," ते म्हणाले. "नीट बघ. किती जड आहे ते मला सांग."

मी पुन्हा बसलो. ते पुढे गेले आणि कुठे तेल गळतंय का ते बघायला चाकांसमोर उकिडवे बसले. मला फक्त त्यांच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता. मी डाव्या हाताचा तळवा स्टीअरिंगवर ठेवला आणि सवयीने थोडा ढकलला. ते गेलं. थेट टोकापर्यंत गेलं, इतकं अलगद की मलाच ते थांबवावं लागलं. नव्या गाडीचंही असं नसेल. मग मी शहाणपणा केला. परत येताना दोन्ही हातांनी धरलं, जोर लावल्याचं सोंग केलं, घशातून थोडा आवाजही काढला. शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम का द्यायचे ते त्या दिवशी मला समजलं.

"जड आहे," मी म्हणालो. "म्हणजे पहिल्यापेक्षा कमी असेल, पण आहे."

काका बराच वेळ उठले नाहीत. इंजिन चालू होतं म्हणून मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा सांगणार एवढ्यात त्यांचा आवाज बॉनेटपलीकडून आला. "मी चाकांकडे बघत होतो रे."

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. अंगणात एकदम इतकी शांतता झाली की आत काकू भांडी विसळत होती ती थांबल्याचंही कळलं.

काका उभे राहिले. बॉनेटला धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते आत जातील, पण ते चादरीकडे गेले आणि तिसरी बाटली उचलली. अजून एक बाटली आहे, म्हणाले. पंपात जुनं राहिलं असेल. कोपऱ्यात कुठेतरी साचून राहतं. वर घे.

मी म्हणालो, काका. एवढंच म्हणालो. ते म्हणाले, वर घे म्हणतो ना. मी जॅक लावला, चाकं उचलली, स्टँड सरकवले. नळी पुन्हा काढली. पक्कड त्यांच्या हातातून दोनदा पडली, दोन्ही वेळा त्यांनी ती स्वतः उचलली आणि मी जवळ जायला लागलो की हात आडवा केला. मी पुन्हा वर बसून फिरवायला लागलो. डबीत लाल तेल जात होतं, नळीतून लाल तेल येत होतं. काका दर दोन फेऱ्यांनी थांबवायचे, खालची बाटली उन्हात धरायचे आणि विचारायचे, थोडं काळपट आहे ना अजून? पहिल्या वेळी मी मान हलवली. दुसऱ्या वेळी हलवली नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी नव्या तेलाची बाटली आणि निघालेल्या तेलाची बाटली शेजारी शेजारी धरली. दोन्ही थरथरत होत्या आणि कुठली कुठली ते सांगता येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं. एक क्षण ते खरंच गोंधळले, कुठली ओतायची म्हणून. मग त्यांनी निघालेलंच तेल पुन्हा आत ओतायला घेतलं.

"काका, ते आत्ताच काढलंय आपण," मी म्हणालो.

ते थांबले. बाटली खाली ठेवायला वाकले आणि ती हातातून सुटली. तेल चादरीवर पसरलं, पक्कड, नरसाळं, फडकी सगळं लाल करत गेलं. ते तिथेच, त्याच्या कडेला, सिमेंटवर बसले.

काकू केव्हा आली मला दिसलं नाही. ती त्यांच्याशेजारी बसली. तिने तिच्या पदराच्या टोकाने, कारण कोरडं फडकं एकही उरलं नव्हतं, त्यांचा उजवा हात पुसायला घेतला. एकेक बोट. अंगठ्याखालचा मांसल भाग आत बसला होता, तिथे खड्डा पडल्यासारखा दिसत होता. मी तो हात इतका जवळून कधी बघितला नव्हता. काकांनी हात ओढून घेतला नाही. उद्या, एवढंच काकू म्हणाली. मी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन ठेवली आहे, सकाळी पहिला नंबर आहे. काका म्हणाले, सकाळी बायका आहेत. काकू म्हणाली, त्या आहेत म्हणूनच.

काका तेलाकडे बघत राहिले. ते सिमेंटच्या भेगेत शिरून पुढे सरकत होतं. मग त्यांनी मला मॉनिटरला फोन लावून द्यायला सांगितला.

तिने लगेच उचलला. फोन काकांच्या मांडीवर ठेवला होता, आवाज मोठा करून, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता. तिने विचारलं, झालं का काका काम? काकांनी घसा साफ केला. म्हणाले, उद्यापासून दुसरी गाडी बघावी लागेल. ती म्हणाली, अरे देवा, इतकं मोठं काम निघालं का? काय झालं गाडीला?

"गाडीला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "माझे हात चालत नाहीत. दोन महिने झाले. गुरुवारी मीच चढवली फूटपाथवर. तुझ्या कपाळाला लागलं ते माझ्यामुळे."

नळ बंद झाला. मला वाटलं ती आता काहीतरी मायेचं बोलेल आणि आम्ही सगळे रडू. पण मॉनिटर ती मॉनिटर. तिने विचारलं की हे तुम्हाला गुरुवारी माहीत होतं का. काका म्हणाले, नव्हतं. मग थांबले. मग म्हणाले, होतं बहुतेक. ती म्हणाली, आणि शुक्रवारी, शनिवारी आम्ही बसलो होतो मागे. काका म्हणाले, हो.

माझ्या मनात आलं, फोन बंद करावा, यांच्या हातात नाही तर निदान माझ्या हातात तेवढं आहे. मी पुढेही झालो. काकूने मला नजरेनेच मागे बसवलं.

शेवटी मॉनिटर म्हणाली, बरं. उद्याचं मी बघते, रिक्षा करू. दाखवून घ्या हात. राग होता की काय होतं ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं. मग तिने विचारलं, "बाकीच्यांना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

काकांनी अर्धं मिनिट घेतलं असेल. काकू त्यांच्याकडे बघत नव्हती, मीही नाही. ज्या अकरा जणी राहिल्या होत्या त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी लग्न होऊन त्या नव्याने कामाला लागल्या तेव्हापासून गाडीत नेलं होतं. त्यांची मुलं व्हॅनच्या मागच्या सीटवर वाढली होती. मॉनिटरला सांगू दिलं असतं तर ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना नीट, चार शब्द गाळून सांगून मोकळी झाली असती.

"मी सांगतो," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांनी पुढचा नंबर लावायचा प्रयत्न केला. बोट नावावर बसेना, भलत्याच नावावर जायचं, मग ते बंद करून पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा असं झालं. मग त्यांनी फोन माझ्याकडे केला आणि नाव सांगितलं. मी लावला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. झोपाळूकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. रविवार, दुपार, झोपलीच असणार. उचलला तेव्हा तिचा आवाज अर्धा झोपेत आणि अर्धा हसरा होता. काका, झाली का आपली गाडी बरी, तिने विचारलं.

"गाडी बरी आहे गं," काका म्हणाले, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.